पिल्लू घरी येते तेव्हा

महाभारताच्या आदिपर्वात एका पिल्लाची लहानशी हकीगत आहे. कुरुक्षेत्रावर जनमेजयाचे सत्र चालू असता सरमेचे पिल्लू तेथे आले आणि राजाच्या भावांनी त्यास बडवून काढले. ते रडत आईकडे गेले. आईने प्रथम त्याचीच चौकशी केली. हविर्द्रव्याकडे त्याने पाहिलेदेखील नव्हते, हे कळताच ती त्या सत्रात जाऊन उभी राहिली. अपराध नसता मारले का, या तिच्या प्रश्नाला तेथील एकालाही उत्तर देता आले नाही.

आजचे पिल्लू बहुधा असे आपण होऊन येत नाही. ते आणले जाते. मुलाचा वाढदिवस जवळ आलेला असतो, ओळखीच्या घरची कुत्री व्यालेली असते, आणि चहाचा पेला रिकामा होण्यापूर्वी निर्णय होऊन जातो. कुत्र्याचे आयुष्य मात्र सामान्यतः १० ते १३ वर्षांचे. हट्ट धरणारा दहा वर्षांचा मुलगा तोवर नोकरीनिमित्त परगावी गेलेला असतो, आणि दृष्टी मंदावलेल्या, जिना न चढवणाऱ्या कुत्र्याला सकाळी खाली नेण्याचे काम आईबापांकडे उरते.

पिल्लू जितके लहान तितके गोजिरे, म्हणून महिन्याभराचेच उचलून आणण्याची हौस पुष्कळांना असते. २०१७ च्या नियमांनी आठ आठवड्यांखालील पिल्लाच्या विक्रीस मनाई केली, ती उगाच नव्हे. भावंडांशी झोंबताना एकाने जोरात दात रोवला की दुसरे केकाटते आणि खेळ मोडतो. चावण्याचे प्रमाण पिल्लू शिकते ते याच शाळेत. तेथून अकाली काढलेल्या पिल्लाचे पुढचे धडे घरातल्यांच्या बोटांवर होतात.

लसीच्या बाबतीत सुशिक्षित घरांतही मोठा गैरसमज आढळतो. एक सुई टोचली की काम झाले, अशी समजूत असते. वस्तुतः आईच्या पहिल्या दुधातून पिल्लाला जे संरक्षण मिळते, तेच लसीच्या आड येते. ते रक्तात असेतो लस नीट रुजत नाही. आणि ते नेमके केव्हा ओसरेल, हे प्रत्येक पिल्लागणिक निराळे. म्हणून सहा ते आठ आठवड्यांपासून सोळा आठवड्यांपर्यंत तीन-चार आठवड्यांच्या अंतराने मात्रा पुन्हापुन्हा द्याव्या लागतात. डिस्टेंपर आणि पार्व्हो हे दोन रोग याच फटीतून शिरतात. पार्व्होचा विषाणू मातीत महिनेच्या महिने जिवंत राहतो, आणि त्याने रक्ताची हगवण लागलेले पिल्लू दोन-तीन दिवसांतही दगावू शकते. तोवर त्याचे नाव ठेवून झालेले असते, मुले त्याच्याभोवती बसलेली असतात. रेबीजची लस निराळी. ती तिसऱ्या महिन्यानंतर आणि पुढे पशुवैद्याच्या सल्ल्याने. जंतांचे औषध तर त्याआधीपासूनच.

आहाराचे थोडक्यात सांगायचे तर केवळ दूध-पोळीवर पिल्लाचे पोषण होत नाही, आणि कालचा रस्सा तर त्याला अपायच करतो. कांदा-लसणाने कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशींचा नाश होतो. लाडाने पुढे केलेला बेदाणाही मूत्रपिंडांना घातक ठरू शकतो.

रात्री ते रडते, कारण आईची ऊब प्रथमच सुटलेली असते. दोन महिन्यांच्या पिल्लाला दर दोन-तीन तासांनी, झोपेतून उठल्यावर आणि खाल्ल्यावर लगेच बाहेर न्यावे लागते. जमिनीवर घाण झाली म्हणून नाक घासणारे लोक अजून आहेत. त्याने पिल्लू एवढेच शिकते की हे काम पलंगाखाली, कोणी पाहत नसता उरकावे. जनमेजयाच्या भावांनाही याहून अधिक काही साधले नव्हते.

खरी कसोटी बदलीच्या नोकरीत लागते. नागपूरहून गुवाहाटीचा हुकूम येतो आणि वर्षाभराचे पिल्लू एकाएकी अडचण ठरते. मग ते 'चांगल्या माणसांकडे' दिले जाते, क्वचित गावाबाहेर सोडले जाते. जनावराची उपासमार होईल अशा स्थितीत त्याला विनाकारण टाकून देणे हा १९६० च्या कायद्याने अपराध आहे. मूळ कायद्यात पहिल्या खेपेचा दंड फार तर ५० रुपये होता. पिल्लाच्या एका लसीलाही तेवढ्यात भागत नाही.

वास्तविक वाट असते. लसीचा दाखला जवळ असला आणि पहिल्या वर्गाचा आख्खा कूपे घेण्याची ऐपत नसली, तरी रेल्वे कुत्र्याला गार्डाच्या डब्यातील पेटीतून नेते. पाण्याची व अन्नाची व्यवस्था मालकाने करायची. गाडी मोठ्या स्थानकावर थांबली की वाडगा घेऊन फलाटावरून शेवटच्या डब्याकडे लगबगीने निघालेला गृहस्थ कधीमधी दिसतो. शिट्टीच्या आत त्याला परत यायचे असते.