बल्ब घेताना वॅट नको, ल्यूमेन विचारा

दुकानात गेलं की आपण म्हणतो, "दादा, नऊचा बल्ब द्या." नऊ म्हणजे नऊ वॅट. पण बल्ब वीज किती खातो एवढंच वॅटवरून कळतं. उजेड किती पडेल, ते ल्यूमेनवरून कळतं, आणि तो आकडा खोक्यावर बारीक अक्षरात असतो.

आपला जुना साठचा पिवळा बल्ब साधारण ७०० ल्यूमेन उजेड द्यायचा. चांगला ९ वॅटचा एलईडी ९०० च्या आसपास देतो. दुसऱ्या एखाद्या खोक्यावरही ९ वॅटच लिहिलेलं असतं, पण उजेड ७००. वीज तेवढीच जाते, उजेड कमी. ल्यूमेनचा आकडाच नसलेला बल्ब मी तरी घेत नाही, आठवडी बाजारात तो कितीही स्वस्त मिळो.

साठचा बल्ब रोज पाच तास लावला तर महिन्याला ९ युनिट जातात, ९ वॅटच्या एलईडीला दीडही नाही. २०१५ साली सुरू झालेल्या उजाला योजनेमुळे हे बल्ब गावोगाव पोचले. आता प्रश्न आहे तो चांगला कोणता, हे ओळखण्याचा.

खोक्यावर भारतीय मानक ब्युरोची खूण आणि 'आर' अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक बघा. तारे असतील तर जास्त ताऱ्यांचा घ्या, तो कमी विजेत जास्त उजेड देतो. शिलाई मशीनपाशी लावायचा असेल तर सीआरआय ८० किंवा जास्त हवा. नाहीतर लाल आणि मरून दोरा एकसारखा दिसतो, आणि गिऱ्हाइकाचं ब्लाऊज उसवायची पाळी येते. दुकानात बल्ब लावायला सांगा आणि मोबाइलचा कॅमेरा त्याच्यावर धरा. पडद्यावर जाड काळे पट्टे सरकताना दिसले तर तो बल्ब लपलपतो. नुसत्या डोळ्याला ते जाणवत नाही, पण रात्रभर शिवत बसलं की डोकं चढतं.

आपल्याकडे शेतातल्या मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज पडतं, बंद झाल्या की चढतं. बल्बच्या आतल्या सर्किटवर त्याचा ताण येतो. म्हणून खोक्यावर व्होल्टेज किती ते वाचा. काहींवर १०० ते ३०० असं लिहिलेलं असतं, आपल्या गावाला तसाच बरा. चुलीच्या बरोबर वर किंवा बंद काचेच्या हंडीत एलईडी लावू नका, उष्णतेने तो लवकर जातो.

बचत गटाने एकत्र घ्यायचे असतील तर आधी दोन वेगवेगळे आणा, जिथे शिवणकाम चालतं तिथे आठवडाभर लावून बघा, मग वीस घ्या. दुकानदाराला बल्बच्या गळ्यावर पेनाने तारीख टाकायला सांगा. हमी किती वर्षांची, ते पक्क्या बिलावर लिहून घ्या आणि बिल त्याच खोक्यात घालून ठेवा.