प्लॉटसचं स्वतःचं किती?

ग्रीक-रोमन नाटकावर पीएच.डी. करायला निघालेल्या विद्यार्थ्याची सुरुवातीची वर्षं भाषांतच जातात. ग्रीक हवं, लॅटिन हवं. आधीच्या विद्वानांचं लेखन वाचायला जर्मन आणि इटालियनही हवं. एवढी तयारी होते आणि मग कळतं, ज्या नाटकाशी तुलना करायची ते जगात शिल्लकच नाही.

रोमचा विनोदी नाटककार प्लॉटस घ्या. इ.स.पू. 184 च्या सुमारास तो वारला. त्याची वीसेक नाटकं आज वाचता येतात. ती ग्रीक नाटकांवरून बेतलेली. ‘बाकिडीस’ हे मिनँडरच्या नाटकावरून. आपल्या मिलिंदपञ्हातला राजा मिनँडर निराळा, हा अथेन्सचा. यानं शंभरावर नाटकं लिहिली, पण पुढे त्यांच्या नकला करणं थांबलं आणि ती नाहीशी झाली. मग प्लॉटसच्या पदरचं काय, हे ओळखायचं कसं?

विद्वान एदुआर्ट फ्रेंकेलनं 1922 साली भलतीच युक्ती काढली. त्यानं प्लॉटस प्लॉटसशीच ताडून पाहिला. गुलामानं स्वतःला ट्रॉयच्या वीरांच्या पंक्तीत बसवणं, ताणलेली स्वगतं, असल्या लकबी नाटकामागून नाटकात दिसतात. मूळ लेखक वेगवेगळे, तेव्हा लकब प्लॉटसचीच. तर्क देखणा, पण पडताळणार कशावर?

पुरावा इजिप्तमध्ये उकिरड्यात पडला होता. ऑक्सिरिंकस गावाचे कचऱ्याचे ढीग संशोधक ग्रेनफेल आणि हंट यांनी 1896 पासून उकरले. तिथल्या पपायरसच्या कपट्यांत ‘बाकिडीस’च्या मूळ नाटकाच्या शंभरेक ओळी निघाल्या, त्याही फाटक्या. अभ्यासक एरिक हँडली यांनी 1968 साली लंडनच्या व्याख्यानात त्या प्लॉटससमोर ठेवल्या.

आता गंमत बघा. मिनँडरकडे मुलगा बापाला पैसे परत करतो, त्याच्या आधीचं आणि नंतरचं बापलेकांचं बोलणं रंगमंचावर होतं. प्लॉटसनं बापलेकांचे ते प्रवेश सरळ उडवले. मित्रानं आपली प्रेयसी पळवली असं वाटून हा मुलगा, म्हणजे नायक, चिडलेला. मिनँडरचा नायक मित्राला चटकन जाब विचारतो. प्लॉटसचा ‘एका दगाबाज मित्रा’ची गोष्ट रंगवून सांगतो, आणि तो मित्रही बेसावधपणे माना डोलावतो! साध्या बोलण्याच्या जागी सनईसारख्या वाद्याच्या साथीतलं बोलणं आलं. परक्या नाटकात पदं घालून ‘संशयकल्लोळ’ उभं करणाऱ्या देवलांच्या प्रेक्षकांना यात नवल वाटू नये.

फ्रेंकेल तेव्हा हयात होता. त्याची पद्धत बरीचशी खरी ठरली. पण इतकी सलग तुलना प्लॉटसच्या दुसऱ्या कुठल्याच नाटकाची करता येत नाही. तिथे आजच्या विद्यार्थ्यालाही 1922 च्याच वाटेनं जावं लागतं.