सायबर सुरक्षेचे पदवीशिक्षण आणि आपले कर्तव्य

(मंडळाच्या वार्षिक संमेलनातील विद्यार्थी-गुणगौरव समारंभात केलेले भाषण)



आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. सारी हयात प्राथमिक शाळेत अंकगणित शिकविण्यात गेली. अशा माणसाने सायबर सुरक्षेसारख्या नव्या विद्येवर बोलावे, हे कित्येकांस चमत्कारिक वाटेल. परंतु या विषयात आमच्या हातून एक चूक घडली आहे आणि ती ज्ञातीसमोर मांडल्यावाचून आमच्या मनास स्वस्थता नाही.

तीन वर्षांपूर्वी आपल्या शिष्यवृत्ती समितीपुढे एका कन्येचा अर्ज आला. वडिलांचे छत्र हरपलेले, बारावीस गणितात उत्तम गुण, आणि सायबर सुरक्षा ही शाखा घेऊन अभियांत्रिकीची चार वर्षांची पदवी संपादन करण्याचा मानस. समितीत आम्हीच म्हणालो, "चोर कसे धरावेत हे शिकण्यास कॉलेज कशाला हवे?" अर्ज नामंजूर झाला. तिच्या मातोश्रींनी हातातील दोन पाटल्या मोडून पहिल्या वर्षाची फी भरली, हे आम्हांस मागाहून कळले.

गेल्या वर्षी आमच्या फोनवर निरोप आला, की बिल थकल्यामुळे आज रात्री वीज तोडण्यात येईल. दिलेल्या क्रमांकावर आम्ही फोन केला. बोलणारा मोठा आर्जवी. त्याने सांगितलेले ॲप आम्ही उतरवून घेतले. त्यायोगे आमच्या फोनचा पडदा त्यास बसल्या जागी दिसू लागला, याची आम्हांस कल्पनाही नव्हती. त्याच्या सांगण्यावरून १० रुपये भरले आणि काही मिनिटांतच खात्यातून ४२,००० रुपये गेले. त्या समयी धावून आली ती हीच कन्या. "गुरुजी, हळहळ मागाहून करा, आधी १९३० वर फोन लावा," असे तिने बजावले. या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तत्काळ तक्रार गेली, तर पैसा ज्या खात्यात पोचला असेल तेथेच तो अडविता येण्याचा संभव असतो. आमचे २६,००० रुपये अडले व पुढे परत मिळाले. उरलेले गेले ते गेलेच.

त्यानंतर आम्ही तिच्याकडे विद्यार्थी होऊन बसलो. पहिली दोन वर्षे गणित, संगणकाची आज्ञावली लिहिणे, त्याची अंतर्गत रचना आणि संगणकांची परस्परजोडणी. त्यानंतर कूटविद्या, पुराव्यांचे जतन व कायदा, असा तिचा अभ्यासक्रम. आम्ही वर्गात मूळ संख्या शिकवीत असता मुले विचारीत, "गुरुजी, यांचा उपयोग काय?" आम्ही "परीक्षेस येतात" एवढेच सांगत असू. खरे उत्तर आम्हांस या मुलीने दिले. ८३ आणि ९७ यांचा गुणाकार ८,०५१ हे पाटीवर सहज होते. परंतु नुसते ८,०५१ देऊन त्याचे अवयव पाडा म्हटले, तर विद्यार्थी घामाघूम होतो. संख्या शेकडो अंकी असल्या म्हणजे यंत्रेही थकतात. या अवघडपणाचेच कुलूप रिव्हेस्ट, शामीर व एडलमन या त्रयीने १९७७ साली अमेरिकेत घडविले.

केवळ कुलपाने मात्र भागत नाही. पहारेकऱ्याची नजर हवी. १९८६ साली कॅलिफोर्नियातील बर्कलीच्या प्रयोगशाळेत संगणक-वापराच्या हिशेबात अवघ्या ७५ सेंटांचा फरक आला. क्लिफर्ड स्टॉल या खगोलशास्त्रज्ञाने तो क्षुल्लक म्हणून सोडला नाही. महिनोन्‌महिने नोंदी ताडून पाहता शेवटी जर्मनीतील हॅनोव्हर येथील एका घुसखोरापर्यंत माग लागला. ताळा जुळेपर्यंत उठू नये, हे आम्ही मुलांना सांगत आलो. ही विद्या त्याच संस्काराची आहे.

पालकांस दोन शब्द. सहा महिन्यांत तज्ज्ञ करून नोकरीची हमी देणाऱ्या जाहिरातींस भुलून घरची पुंजी घालवू नये. संस्थेस विद्यापीठाची संलग्नता व तंत्रशिक्षण परिषदेची मान्यता आहे की नाही, हे प्रथम पाहावे. ही शाखा न मिळाल्यास संगणक अभियांत्रिकीची साधी पदवीही उत्तम पाया होय. विद्यार्थ्यांनीही ध्यानी धरावे, की दुसऱ्याचे कुलूप त्याच्या परवानगीवाचून गंमत म्हणूनही उघडून पाहावयाचे नसते. २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ अन्वये अशा अप्रामाणिक कृत्यास तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. ज्यास कुलपे उघडता येतात, त्याचे शील इतरांहून अधिक चोख हवे.

ती कन्या आज चौथ्या वर्षात आहे. तिच्या यशात या मंडळाचा कपर्दिकेचाही वाटा नाही, याची लाज आम्हांस वाटते आणि त्या लाजेचे धनी प्रामुख्याने आम्ही आहोत. यास्तव आमची सभेस नम्र विनंती आहे, की परतफेडीच्या शिष्यवृत्तीच्या नियमांत या शाखेचा स्पष्ट उल्लेख व्हावा आणि ज्या विषयाची समितीस माहिती नाही, तो अर्ज जाणकारास विचारल्यावाचून नामंजूर होऊ नये. परत मिळालेले २६,००० रुपये आम्ही आजच निधीत जमा करीत आहोत. त्यातून तिच्या शेवटच्या वर्षाची फी भरावी. पाटल्या परत येणार नाहीत. परंतु पुढील मातेस त्या मोडाव्या लागू नयेत, एवढे आपल्या हाती आहे.