महंमद तुघलक : इतिहासातला आणि नाटकातला

बीड शहराच्या दक्षिणेस काही कोसांवर कर्जनी नावाचे गाव आहे. त्या गावाजवळ एक जुनी इमारत असून ती दिल्लीच्या सुलतानाच्या दाताची कबर होय, असे परंपरा सांगते. सुलतान महंमद तुघलक १३३५ च्या सुमारास वरंगळच्या मोहिमेवरून आजारी होऊन दौलताबादेकडे परतत होता. बीडजवळ मुक्काम असता त्याचा एक दात पडला. तो इतमामाने पुरून त्यावर कबर बांधण्याचा हुकूम सुटला. ही हकीकत फिरिश्त्याने लिहून ठेविली आहे. निजामशाही व आदिलशाही दरबारांत वावरलेल्या या इतिहासकाराने ती लिहिली, तेव्हा सुलतानास मरून अडीचशे वर्षे उलटली होती. म्हणून तीस पुरावा न म्हणता आख्यायिका म्हणणेच योग्य. तथापि जी गोष्ट ऐकताच ऐकणारा हसून ‘वेडा महंमद!’ म्हणतो, त्या गोष्टीमागचा माणूस कोण होता, हे पाहण्यासारखे आहे.

‘वेडा महंमद’ हे नाव मराठी मुलाच्या कानी शाळेतच पडते. मोठेपणी तो वर्तमानपत्रात ‘तुघलकी कारभार’ हा शब्द वाचतो आणि अर्थ विचारण्याची त्याला गरजही वाटत नाही. सहाशे वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर एखाद्या राजाचे नाव विशेषण होऊन बसावे, ही कीर्ती लहान नव्हे. पण विशेषण झाले की माणूस नाहीसा होतो.

हे चित्र मुख्यतः तिघांनी रंगविले. जियाउद्दीन बरनी सतरा वर्षे सुलतानाच्या सहवासात होता. पुढे फिरोजशहाच्या अमदानीत तो दारिद्र्यात पडला आणि म्हातारपणी त्याने आपला इतिहास लिहिला. दुसरा इसामी. दिल्लीहून दौलताबादेस निघालेल्या त्याच्या नव्वद वर्षांच्या आजोबांनी पहिल्याच मजलेवर प्राण सोडला. नातवाने आपले काव्य १३५० साली बहामनी आश्रयाने, म्हणजे सुलतानाविरुद्ध बंड करून उभ्या राहिलेल्या राज्यात, पुरे केले. तिसरा मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता. सुलतानाने त्याला दिल्लीचा काजी केले, आणि एकदा त्याच सुलतानाच्या संशयाने त्याच्यावर पहारेही बसले. तिघेही खोटे बोलतात असे मुळीच नाही. मात्र प्रत्येकाच्या शाईत त्याच्या जखमेचे रक्त मिसळलेले आहे.

राजधानीचेच उदाहरण घ्यावे. दिल्लीत कुत्रे-मांजरही उरले नाही, असे बरनी म्हणतो. एका आंधळ्याला दौलताबादेपर्यंत फरफटत नेले आणि शेवटी त्याचा पायच तेवढा पोहोचला, असे इब्न बतूता सांगतो. परंतु १३२७ साली स्थलांतर सुरू झाल्यानंतर १३२८ साली दिल्लीजवळ सरबन येथे कोरलेला संस्कृत शिलालेख त्या प्रदेशाची भरभराट वर्णितो. ओसाड नगरीत असा लेख कोणी कोरीत नाही. यावरून पुष्कळ अभ्यासकांचे मत असे की, अमीर-उमराव, विद्वान व सूफी यांनाच प्रामुख्याने हलविले गेले. सारे शहर उठविले गेले नाही. दक्षिण नुकतीच जिंकलेली होती. ती दिल्लीहून आवरणे कठीण, हा विचार वेड्याचा नव्हता. वाटेत हाल झाले, आणि पुढे लोकांना परतण्याची मुभा द्यावी लागली, हेही तितकेच खरे. त्या हालांतून जे इकडे रुजले, त्याची साक्ष खुलताबादचे दर्गे आजही देतात.

नाण्यांचे तसेच. चीनमध्ये कागदी चलन चालत होते; मग चांदीच्या टंक्याच्या मोलाने तांब्या-पितळेचे नाणे का चालू नये? कल्पना सुबुद्ध, परंतु नाण्याची नक्कल होऊ नये याची तजवीज काही केली नाही. घरोघर टांकसाळी निघाल्या. अखेर सुलतानाने हुकूम मागे घेतला आणि खजिन्यातून तांब्याच्या बदल्यात खरे नाणे मोजून दिले. स्वतःची चूक स्वतःच्या खजिन्यातून भरून देणारे राज्यकर्ते इतिहासात थोडे.

यावरून तो साधुपुरुष होता असे मात्र कोणी समजू नये. त्याच्या दानाच्या कथा सांगणारा इब्न बतूताच वाड्याच्या दाराशी पडणाऱ्या प्रेतांचेही वर्णन करतो. क्रौर्य होते, प्रश्न एवढाच की, ते वेड होते काय?

या प्रश्नाला शाळेच्या पुस्तकापेक्षा चांगले उत्तर रंगभूमीने दिले. माथेरानला जन्मलेल्या गिरीश कर्नाडांनी १९६४ साली ‘तुघलक’ हे नाटक कन्नडमध्ये लिहिले. विजय तेंडुलकरांनी ते मराठीत आणिले. १९७१ साली अरविंद देशपांडे यांनी बसविलेल्या प्रयोगात अरुण सरनाईक सुलतान झाले. १९७४ साली अलकाझींनी तेच नाटक दिल्लीच्या पुराण्या किल्ल्यात उभे केले. कर्नाडांचा सुलतान बुद्धिमान आहे, त्याला प्रजेचे भले करावयाचे आहे, आणि त्या हट्टापायीच त्याचे हात रक्ताने माखतात. तमिळमध्ये चो रामस्वामी यांनी त्याच नावावर राजकारणाची टर उडविली. १९७१ साली त्यावर चित्रपटही निघाला. १९८८ च्या ‘भारत एक खोज’ मालिकेमुळे तुघलक घराणे दूरदर्शनवरून घरोघरी पोहोचले. एकाच राजाचा एकाने शोक केला, दुसऱ्याने विनोद. दोन्ही पाहणाऱ्यांना आपापला काळच आठवला.

नाटकाने तपशिलात स्वातंत्र्य घेतले आहे. ते इतिहास म्हणून वाचू नये. पण एक मर्म त्याने अचूक पकडले. त्यात बरनी स्वतः एक पात्र आहे. खरा बरनी आपल्या ग्रंथात कबूल करतो की, सुलतानापुढे सत्य बोलण्याचे धैर्य आपल्याला झाले नाही. भय आणि लोभ यांनी जीभ बांधली. म्हातारपणी सारे गेल्यावर त्याला हे म्हणावेसे वाटले, ही गोष्ट त्या ग्रंथातील कोणत्याही लढाईच्या वर्णनाहून मोठी आहे. राजा वेडा होता असे एकदा ठरविले की भोवतालचे सगळे शहाणे सुटतात. तो शहाणा होता असे मानिले, तर त्या शहाण्यांनाही जाब द्यावा लागतो.

म्हणून कर्जनीच्या त्या कबरीकडे नुसते हसून पाहू नये. आख्यायिका खरी असो वा खोटी, ती दरबाराचे चित्र नेमके उभे करते. सुलतानाच्या पडलेल्या दाताला इतमाम मिळाला. शहाण्यांच्या सल्ल्याला मात्र तोंड फुटले नाही.