मागचा गुन्हा आणि आजची शिक्षा

पुणें-सोलापूर रस्त्यावर भिगवण आणि इंदापूर यांच्या दरम्यान डाळज हें गांव लागतें. तेथील एका विहिरीवरची विजेची मोटार रात्रीं चोरीस गेली, अशी आपण कल्पना करूं. सकाळीं संशयावरून एक माणूस धरला जातो. इतक्यांत कोणी म्हणतो, "अहो, हा पूर्वीं चोरीबद्दल तुरुंगांत जाऊन आलेला आहे!" या एका वाक्यानें पारावरचा निकाल तेथल्या तेथें लागतो. न्यायालयाचा निकाल मात्र त्यावर लागूं नये. कां, तेंच आज सांगावयाचें आहे.

मागील शिक्षेला कायद्यांत वजन आहे, आणि तें थोडेंथोडकें नाहीं. १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय न्याय संहितेप्रमाणें साध्या चोरीस तीन वर्षांपर्यंत कैद आहे. त्याच कलमाखालीं पुन्हां दोषी ठरणाऱ्यास मात्र निदान एक वर्ष व फार तर पांच वर्षें सक्तमजुरी होते. शिवाय १८६० च्या दंड संहितेंतील ७५ वें कलम नव्या संहितेंत १३ वें होऊन आलें आहे. तीन वर्षें वा अधिक कैदेस पात्र असा मालमत्तेचा गुन्हा पूर्वीं शाबीत झालेल्या माणसानें तसाच गुन्हा पुन्हां केला, तर त्या कलमान्वयें दहा वर्षांपर्यंत कैद, किंबहुना जन्मठेपही, देतां येते. उलट माल पांच हजार रुपयांहून कमी किमतीचा, गुन्हा पहिलाच आणि माल किंवा त्याची किंमत परत केलेली, तर समाजसेवेच्या शिक्षेवर भागतें.

पण हें वजन तराजूंत टाकावयाचें केव्हां? आजची चोरी शाबीत झाल्यानंतर! तोंवर मागील शिक्षेचा आरोप न्यायालयांत वाचूनही दाखवावयाचा नाहीं, असा दंडक आहे. कालची चोरी हा आजच्या चोरीचा पुरावा नव्हे. ती शिक्षेचें माप ठरविते, दोष ठरवीत नाहीं.

हा क्रम उलटला म्हणजे काय होतें, तें आपल्या देशानें पाहिलें आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्यानें कित्येकांवर जन्मतःच शिक्का बसला. पोलिसांपुढें हजेरी आली. सोलापुरास कुंपणाआडची वसाहत झाली. त्यांच्या मुलांची मागील शिक्षा कोणती? जन्म, दुसरी कोणती! ३१ ऑगस्ट १९५२ रोजीं तो कायदा संपला. १९५९ सालीं मुंबई राज्यानें सराईत गुन्हेगारांचा कायदा केला. त्यांत जमात नव्हे, तर व्यक्तीस झालेल्या शिक्षा पाहावयाच्या असतात. तरीही जुनी नजर इतकी चिवट, कीं तुरुंगाच्या नियमांतील जातिभेद दूर करण्यास सर्वोच्च न्यायालयाचा ३ ऑक्टोबर २०२४ चा निकाल लागला.

म्हणून डाळजच्या पारावर पहिला प्रश्न "हा कोण?" असा नसावा, "काल रात्रीं यानें काय केलें?" असा असावा. त्याचें उत्तर पुराव्यानें मिळाल्यावर मागचा हिशेब अवश्य काढावा. तोंवर तें पान मिटलेलेंच बरें.