१ मे : पगारी सुटी आणि कामगाराचे घर
(कामगार मेळाव्यातील भाषण)



१ मे आपण झेंडावंदन, मोर्चा आणि सभा यांत घालवितो. घरची माणसे मात्र सहसा घरीच राहतात. इटलीतही त्या दिवशी सभा होतात. पण रोमची कुटुंबे शहराबाहेर पडून गवतावर बसतात, बाकल्याच्या कोवळ्या शेंगा सोलतात आणि मेंढीच्या दुधाच्या चीजबरोबर खातात.

ही चैन त्यांना फुकट मिळालेली नाही. मुसोलिनीने १९२३ साली हा दिवस रद्द करून २१ एप्रिल हा रोमचा स्थापनादिन श्रमिकांच्या माथी मारला. १९४५ मध्ये १ मे परत आला. १९४७ साली त्या दिवशी सिसिलीत पोर्तेल्ला देल्ला जिनेस्त्रा येथील माळावर शेतकरी-शेतमजूर बायकामुलांसह जमले असता जुलियानोच्या टोळीने डोंगरावरून गोळ्या झाडल्या. ११ जण ठार झाले. त्यांत मुलेही होती. नुकतीच, २० एप्रिलला, तेथील प्रादेशिक निवडणुकीत डाव्यांची सरशी झाली होती. जमीन मागणाऱ्यांचा हा सहकुटुंब आनंद कोणाला सलला असेल, हे वेगळे सांगावयास नको.

आपल्याकडे या तारखेला दुसराही अर्थ आहे. १९६० साली याच दिवशी महाराष्ट्र राज्य झाले. त्यासाठी पडलेल्या १०६ हुतात्म्यांत गिरणी कामगार होते. सरकारी सोहळ्यांत त्या कामगाराची आठवण पुसट होत गेली, असे माझे मत आहे.

आता आपला पट्टा पाहा. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, मागोमाग मोटारींचे कारखाने आले. संघटित झालेला कायम कामगार पगारी सुटी घेऊन मुलांसह निगडीच्या दुर्गा टेकडीवर किंवा देहूला इंद्रायणीकाठी जाऊ शकतो. पण चाकणजवळ चौघांत एक खोली घेऊन राहणाऱ्या, हजेरीवर राबणाऱ्या कंत्राटी तरुणाला सुटी म्हणजे खाडाच. २६ दिवसांच्या महिन्यात एक खाडा म्हणजे कमाईचा सव्विसावा हिस्सा. बीडला किंवा बिहारात असलेल्या घरी तेवढे पैसे कमी जातात. अशा माणसाला सण नकोसा वाटला तर नवल काय? विश्रांतीलाही किंमत असते. येथे ती मालकाऐवजी मजूर भरतो.

म्हणून यंदा प्रत्येक युनियनने कंत्राटदाराचे हजेरीपट तपासावेत आणि कंत्राटी कामगारांच्या पगारी सुटीचे कलम पुढील करारात आणावे. सभा सकाळीच आटोपावी (आम्हा प्राध्यापकांची भाषणे प्रथम कापावीत!), आणि दुपारी डबे बांधून, त्या खोल्यांतील एकट्या पोरांनाही बरोबर घेऊन टेकडीवर जावे.