सही कुणाची?

(कार्यकर्त्यांच्या आरोग्य शिबिरात एका स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टरांनी केलेलं भाषण)



मला विषय दिला आहे 'डॉक्टरांपुढचे नैतिक पेच'. विषय मोठा आहे, पण मला सुरुवातीलाच 'पेच' या शब्दाशी थोडं भांडायचं आहे. आम्ही डॉक्टर मंडळी ज्याला पेच म्हणतो, त्यातले निम्मे पेच नसतातच. ती भीती असते. नातेवाइकांची, पोलिसांची, कधी आपल्याच वरिष्ठांची. भीतीला नीतीचं नाव दिलं की रात्री झोप लागते, एवढंच.

हे मी दुसऱ्यांबद्दल बोलत नाही. १९८९ साली मी तालुक्याच्या गावी एका रुग्णालयात नवीनच लागले होते. दोन मुलींची आई असलेली एक बाई आली. तिसरा महिना चालू होता. म्हणाली, "बाई, मला हे नको. मोकळी करा." मी विचारलं, "नवरा कुठाय? त्याची सही लागेल." ती म्हणाली, "त्यांना मुलगा हवाय. ते कशाला सही करतील?" आता पाहा, गर्भपाताचा कायदा १९७१ चा. सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरे, हे त्यात स्पष्ट आहे. मी ते परीक्षेत लिहून पास झाले होते! पण आमच्या छापील फॉर्मवर 'पतीची सही' असा रकाना होता, आणि सिस्टर म्हणाल्या, "मॅडम, उद्या तो दारू पिऊन दारात उभा राहील." मी तिला परत पाठवलं.

सातव्या महिन्यात ती तपासायला आली. लोहाच्या गोळ्या घेतल्या, पदराला बांधल्या आणि गेली. तिने मला ओळख दाखवली नाही. मीही दाखवली नाही.

तो रकाना आजही पुष्कळ दवाखान्यांच्या फॉर्मवर आहे. नसबंदीच्या ऑपरेशनलाही जोडीदाराची सही लागत नाही, सरकारी सूचनांमध्ये तसं लिहिलं आहे. तरी मागतात. बाईच्या शरीराचा सातबारा जणू नवऱ्याच्या नावावर असतो.

दुसरा प्रसंग दिल्लीचा. तो कोर्टात गेल्यामुळे त्याचे कागद आहेत, म्हणून मी शिकाऊ डॉक्टरांना तो नेहमी सांगते. मे १९९५ मध्ये ४४ वर्षांची एक अविवाहित स्त्री जास्त दिवस रक्तस्राव होतो म्हणून दवाखान्यात गेली. दुर्बिणीने पोटाची तपासणी करायची, लागलंच तर पोट उघडायचं, एवढ्यावर तिची सही होती. गर्भाशय काढण्याचा उल्लेख नव्हता. ती भुलेखाली असताना डॉक्टरांना आतला आजार दिसला. बाहेर तिची म्हातारी आई बसली होती. तिची संमती घेतली, आणि गर्भाशय, दोन्ही बीजकोश, बीजनलिका सगळं काढून टाकलं.

डॉक्टरांची बाजू हसण्यावारी नेऊ नका. आजार खरा होता. आत्ता केलं तर दुसऱ्यांदा भूल नको, दुसऱ्यांदा खर्च नको. टेबलावर उभं असताना हा विचार मलाही शिवून गेला आहे. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने तिची तक्रार फेटाळली. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००८ मध्ये मात्र सांगितलं की जीव धोक्यात नव्हता, बाई सज्ञान होती, भूल उतरल्यावर शुद्धीवर येणार होती, तेव्हा आईच्या संमतीला अर्थ नाही. तिला विचारायला हवं होतं. डॉक्टरांचा हेतू चांगला होता म्हणून भरपाई ठरली २५ हजार रुपये, आणि ऑपरेशनची फी मिळणार नाही. तो आकडा वाचून मी घरात आरडाओरडा केला होता. पण तत्त्व पक्कं झालं. चांगल्या हेतूने संमतीची जागा भरत नाही.

बरं, सही असली म्हणजे संमती असते का? बीडच्या ऊसतोड बायका आठवा. २०१९ साली सरकारने नेमलेल्या समितीपुढे आलं की ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. या बायकांनी सह्या, अंगठे केलेच असणार की. अंगावरून पांढरं जातं म्हणून गेलेल्या बाईला "पिशवी खराब आहे, कॅन्सर होईल" असं सांगितल्यावर ती काय करील? फडावर एक खाडा झाला की मुकादम पैसे कापणार, पाळीच्या दिवसांत पाणी नाही, आडोसा नाही. अशा बाईने 'काढून टाका' म्हटलं तर तो तिचा निर्णय का? इथे डॉक्टरने आधी औषध द्यायचं, वेळ द्यायचा. पुढे बीड जिल्ह्यात या ऑपरेशनला जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी लागू लागली. मला त्यातही कुचंबणा वाटते, पुन्हा बाईच्या शरीराला वरून परवानगी. पण गैरव्यवहार एवढा झाला होता की दुसरं काय सुचवावं, मला सुचत नाही.

आता खऱ्या पेचाकडे येते. १८ वर्षांखालची मुलगी, दिवस गेलेले. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने आम्हाला पोलिसांना कळवावंच लागतं. नाही कळवलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद. गेल्या काही वर्षांत माझ्याकडे एकाच महिन्यात दोघी आल्या. एक सतरा वर्षांची. मुलगा शेजारच्या गल्लीतला, दोघांनी राजीखुशीने केलेलं. दुसरी पंधराची. आईसमोर "मित्र" म्हणाली. आईला चहा आणायला पाठवलं, तेव्हा रडत काकाचं नाव सांगितलं. कायद्यात दोघी एकच. पहिलीच्या घरच्यांनी 'पोलीस' शब्द ऐकला आणि उठून गेले. ती नंतर कुठे गेली, कुणाच्या हातात सापडली, मला माहीत नाही.

सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वाट थोडी मोकळी केली. मुलीने आणि पालकांनी मागितलं तर गर्भपात करणाऱ्या डॉक्टरने पोलिसांना कळवताना तिचं नाव-गाव देण्याची गरज नाही. पहिलीसाठी हे केवढं उपयोगी पडलं असतं! पण दुसरीचे पालकच नाव लपवायला सांगतील, कारण काका घरातला. मग मी त्यांचं ऐकायचं की तिला वाचवायचं? त्या वेळी मी मुलीशी एकटीने बोलले, तुमच्यासारख्या एका कार्यकर्तीला बोलावलं, आणि तक्रार झाली. मुलगी वर्षभर माझ्याशी बोलली नाही.

आमच्या दवाखान्यात आता तो नवऱ्याचा रकाना नाही. नव्या संमतिपत्राच्या प्रती मी आणल्या आहेत. भाषा अजून बोजड आहे. चहानंतर आपण गटात बसून तो मोठ्याने वाचू या. जिथे अडेल तिथे मला थांबवा, आपण वाक्य बदलू.